मक्याच्या शेतातली जुनी दफनभूमी: तिचा इतिहास कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत आयोवा राज्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला घराजवळच्या मक्याच्या शेतांत, तारेच्या कुंपणात, जुनी छोटी दफनभूमी दिसली. वीस-पंचवीस दगड, निम्मे पडलेले, तारखा साधारण 1840 ते 1890 च्या. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी तिचा इतिहास लिहायचा आहे, आणि सगळ्यांनी मिळून दगड स्वच्छही करायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

दगडांपासून सुरुवात करू नका, जमिनीपासून करा. दगड फक्त त्यांचेच उरतात ज्यांच्या घरच्यांना तो परवडला, आणि त्यातलेही बरेच पडतात, गाडले जातात, कुणी उचलून कुंपणाला टेकवून ठेवतं. लाकडी पाट्या तर गवताच्या वणव्यात केव्हाच जळून गेल्या. जमिनीचे कागद मात्र सहसा सलग मिळतात. ही जागा दफनभूमी का झाली, कुणी दिली, किती दिली, हे आधी कळलं की दगडांवरची नावं आपोआप कुटुंबांमध्ये आणि शेजारांमध्ये बसायला लागतात.

आधी काळाची चौकट. पूर्व आयोवाची ही जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या मूलनिवासी लोकांची होती. सॉक नेता ब्लॅक हॉक याच्याशी 1832 मध्ये झालेल्या युद्धानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या तहाने मिसिसिपीच्या पश्चिमेचा पट्टा त्यांच्याकडून घेतला गेला आणि 1 जून 1833 पासून तो गोऱ्या वसाहतदारांसाठी खुला झाला. डबुक आणि बर्लिंग्टन इथे सरकारी जमिनीची पहिली विक्री झाली ती 1838 मध्ये. म्हणजे मधली पाच वर्षं लोक जमिनीवर राहत होते, नांगरत होते, मरत होते, पण कायद्याने जमीन कुणाच्याच नावावर नव्हती. त्यामुळे पहिलं दफन हे जमिनीच्या पहिल्या कागदापेक्षा जुनं असू शकतं. उलट, या भागात 1833 च्या आधीची मृत्यूची तारीख दिसली तर ती आकडा चुकीचा वाचल्यामुळे असण्याची शक्यता जास्त.

आता जागेचं कायदेशीर वर्णन काढा. आयोवाची मोजणी चौकटीची आहे. टाउनशिप म्हणजे 6 मैल बाय 6 मैलांचा चौरस, त्यात 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे 6 पर्यंत जातात, खालच्या ओळीत उलट पूर्वेकडे येतात आणि असेच नागमोडी जात आग्नेय कोपऱ्यात 36 वर संपतात. सेक्शनचा चतुर्थांश 160 एकर, त्याचा चतुर्थांश 40 एकर. 'सेक्शन 14 च्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा आग्नेय चतुर्थांश' एवढं हातात आलं की सगळी कार्यालयं तुमच्याशी एकाच भाषेत बोलतात. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नकाशाच्या संकेतस्थळावर हे वर्णन दोन मिनिटांत सापडतं.

या वर्णनावरून सरकारने पहिल्यांदा जमीन कुणाला दिली ते पाहा. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर हे मूळ दाखले, म्हणजे पेटंट, फुकट दिसतात. इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, दाखल्यावरची तारीख पैसे भरल्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षभरानेही पडलेली असते, त्यामुळे 'हे कुटुंब अमुक साली आलं' असं त्यावरून लिहू नका. दोन, आयोवातली पुष्कळ जमीन सैनिकांना सेवेबद्दल मिळालेल्या वॉरंटवर, म्हणजे जमिनीच्या हक्कपत्रावर, घेतली गेली आणि ते वॉरंट सर्रास विकले जात. दाखल्यावरच्या सैनिकाने आयोवा कधी पाहिलंही नसेल. खरा घेणारा त्याच दाखल्यात पुढे 'हस्तांतरित' म्हणून लिहिलेला असतो. त्याच संकेतस्थळावर मूळ मोजणीचे नकाशे आणि मोजणीदारांच्या टिपणांचे दुवे मिळतात. आयोवाची मूळ मोजणी 1836 ते 1859 या काळात झाली. कुठे माळरान, कुठे झाडी, कुठे कुणाचं नांगरलेलं शेत, असं त्यात नोंदलेलं असतं.

यापुढचं काम काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये. सातबाऱ्यावरून फेरफार मागे मागे काढत जावेत तसंच इथे रेकॉर्डरच्या, म्हणजे खतं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात देणारा आणि घेणारा अशा दोन सूचींमधून खरेदीखतं मागे न्यायची. आजच्या मालकापासून सुरू करून 1840 च्या दशकापर्यंत जा. तुम्हाला हवं आहे ते वाक्य बहुतेक वेळा स्वतंत्र खतात नसतं. शेताच्या खतात शेवटी एक तुकडा जोडलेला असतो: 'दफनासाठी राखलेला अर्धा एकर वगळून'. स्वतंत्र खत असलंच तर ते चर्चच्या किंवा शाळेच्या विश्वस्तांच्या नावे असतं, म्हणून घेणाऱ्यांच्या सूचीत आडनावांबरोबर चर्चची नावं, शाळा-जिल्ह्याचा क्रमांक आणि 'सिमेट्री असोसिएशन' ही नोंदही पाहा. असोसिएशनची घटना 'संकीर्ण नोंदी'च्या वहीत दडलेली असते. आणि खत मुळात झालंच नाही, शेजाऱ्यांनी एका शेतकऱ्याच्या संमतीने माणसं पुरली, हेही फार ठिकाणी घडलं आहे. अशा वेळी वगळल्याचा उल्लेख पहिल्यांदा कोणत्या वर्षीच्या खतात येतो ते टिपून ठेवा. दफनभूमी त्या वर्षाच्या आधीची, एवढं नक्की होतं.

आयोवाची एक खास सोय आहे. या राज्यात टायटल इन्शुरन्स, म्हणजे जमिनीच्या मालकी हक्काचा विमा, विकता येत नाही, त्यामुळे जमिनीबरोबर 'ॲबस्ट्रॅक्ट' नावाची जाड वही पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. पहिल्या दाखल्यापासूनचा प्रत्येक व्यवहार, गहाण, वारसा, कोर्टाचा निकाल त्यात सारांशाने असतो. कुंपणाला लागून शेत असलेल्या शेतकऱ्याला नीट विचारा. त्याच्या कपाटातली ही वही तुमचे कोर्टहाउसमधले कित्येक दिवस वाचवते, आणि आत जायला त्याची परवानगी तशीही लागणारच आहे.

खतात मापं रॉडमध्ये असतात. 1 रॉड म्हणजे साडेसोळा फूट, 160 चौरस रॉड म्हणजे 1 एकर. '8 बाय 10 रॉड' म्हणजे 132 बाय 165 फूट, बरोबर अर्धा एकर. हे माप घेऊन जागेवर टेप धरा. कुंपण आत 100 बाय 120 फूटच निघालं तर उरलेली जागा नांगराखाली गेली आहे, आणि तिच्यात कबरी असू शकतात. ही छोट्या दफनभूमींची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी हानी आहे. एखादा कारकून नवीन खत लिहिताना 'वगळून'चा तुकडा गाळतो, पुढची सगळी खतं त्या चुकीची नक्कल करतात, आणि दरवर्षी कुंपण वीतभर आत सरकत जातं.

खतं नेमकी काय सांगत नाहीत ते नकाशे सांगतात. 1875 चा अँड्रियासचा आयोवाचा ॲटलास आणि त्यानंतरचे काउंटीचे प्लॅट नकाशे, म्हणजे जमिनीचे तुकडे मालकांच्या नावांसह दाखवणारे नकाशे, यांत शाळा, चर्च आणि दफनभूमी खुणेने दाखवलेल्या असतात. मोडून गेलेलं चर्च बहुधा इथेच सापडतं. 1930 च्या दशकातली हवाई छायाचित्रं आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या नकाशा-सर्व्हरवर फुकट पाहता येतात. कुंपण तेव्हा कुठे होतं, आत सिडारची रांग होती का, रस्ता कुठून यायचा, हे त्यात स्पष्ट दिसतं. दफनभूमीचं नाव दर नकाशात वेगळं असेल तर घाबरू नका. चर्च गेलं की लोक शेजारच्या शेतमालकाच्या नावाने ओळखू लागतात. सगळी नावं लिहून ठेवा, कारण जुन्या मृत्युवार्तेत त्यातलं भलतंच एखादं येतं.

आता माणसं. आयोवात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1880 मध्ये सुरू झाली, आणि पुढची बरीच वर्षं ती अर्धवटच होती. म्हणून 1850 च्या दशकातला मृत्यूचा दाखला शोधण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी जनगणनेबरोबर तयार झालेल्या मृत्यूच्या याद्या पाहा. 1850, 1860, 1870 आणि 1880 मध्ये, 1 जूनच्या आधीच्या बारा महिन्यांत कोण मेलं, वय किती, महिना कोणता, कारण काय, हे त्यांत आहे. दहा वर्षांतलं एकच वर्ष हाती लागतं, पण त्या एका वर्षात कॉलऱ्याने किंवा घटसर्पाने एका वस्तीत किती घरं रिकामी केली ते दिसतं. 1850 पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. 1840 मध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं. राज्याच्या स्वतःच्या जनगणनाही आहेत. 1856 च्या गणनेत माणूस आयोवात किती वर्षं आहे ते लिहिलं आहे. 1925 च्या गणनेत आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा आहे, आणि 1840 च्या दशकात आलेल्या कुटुंबाचं म्हातारं मूल तेव्हा जिवंत असेल तर तिथेच कोडं सुटतं.

वारसाहक्काच्या फायली या कामात कमी वापरल्या जातात, आणि माझ्या मते त्याच सर्वांत समृद्ध असतात. मृताच्या मालमत्तेचा हिशेब देताना कारभाऱ्याने शवपेटीचे पैसे कुणाला दिले, डॉक्टरला किती, दगडाला किती आणि केव्हा, याच्या पावत्या जोडलेल्या असतात. दगड मृत्यूनंतर दोन वर्षांनी बसवला हे कळण्याची जागा हीच. बायका आणि मुलं मात्र या फायलींमध्ये क्वचितच येतात, त्यांच्यासाठी चर्चची वही आणि वर्तमानपत्र. 1880 च्या आसपास छापलेले काउंट्यांचे जाड इतिहास वाचा, पण लक्षात ठेवा, त्यातली पुष्कळशी चरित्रं वर्गणी भरणाऱ्यांनी स्वतःच पुरवलेली आहेत. 'इथलं पहिलं दफन' ही गोष्ट तर प्रत्येक ठिकाणी असते, आणि बहुधा ते वाटसरूचं किंवा तान्ह्या बाळाचं असतं. ती दंतकथा म्हणूनच लिहा, दुसरा पुरावा मिळेपर्यंत.

पूर्वी कुणी दगडांवरचा मजकूर उतरवून घेतला आहे का हेही तपासा. 1930 च्या दशकात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेतल्या लोकांनी आयोवातल्या बहुतेक काउंट्यांतल्या कबरींच्या याद्या केल्या. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या, अमेरिकन क्रांतीत भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेच्या शाखांनीही याद्या केल्या. आज न वाचता येणारा दगड तेव्हा वाचता येत होता. या याद्या मात्र वर्णानुक्रमे लावलेल्या असतात, त्यामुळे कोण कुणाशेजारी होतं ही माहिती हरवते. फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या संकेतस्थळावरच्या पानांवर दगडाचं छायाचित्र असेल तरच तो पुरावा माना.

आता दगड. पूर्व आयोवातले सर्वांत जुने दगड जवळपासच्या चुनखडीचे किंवा वालुकाश्माचे, किंवा शेतातला नुसता धोंडा. आगगाडी आल्यावर व्हरमाँटचा पांढरा संगमरवर स्वस्त झाला, आणि 1850 ते 1890 च्या बहुतेक पाट्या त्याच्याच. ग्रॅनाइट मुख्यतः त्यानंतरचा. म्हणून 1852 ची तारीख असलेला गुळगुळीत ग्रॅनाइट दिसला तर तो नातवंडांनी मागाहून बसवलेला आहे, आणि त्यावरची तारीख आठवणीतली आहे. निळसर करडा, टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारा, अक्षरं कालच कोरल्यासारखी असा स्तंभ दिसला तर तो दगड नव्हे, जस्त आहे. 'व्हाइट ब्राँझ' नावाने ही स्मारकं कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची कंपनी 1870 च्या दशकापासून विकायची, आणि डे मॉइन इथे तिचा संलग्न कारखानाही होता. वर किंचित कमान असलेली, ढालीच्या आकाराच्या खोलगट भागात नाव कोरलेली पांढरी पाटी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकाची. 1879 च्या कायद्याने खासगी दफनभूमीतल्या सैनिकांनाही सरकारी दगड मिळू लागले. पण त्या युद्धात शायलो किंवा व्हिक्सबर्गला मेलेल्या मुलाचं नाव आईवडिलांनी घरच्या दगडावर कोरून घेतलेलं असतं, आणि मुलगा तिकडेच पुरलेला असतो. दगड आहे म्हणजे खाली माणूस आहे, असं गृहीत धरता येत नाही.

वय बहुधा वर्षं, महिने, दिवस असं कोरलेलं असतं. त्यावरून जन्मतारीख काढायची युक्ती अशी: मृत्यूची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी एका आकड्यात लिहा, वय वजा करा, मग 8870 वजा करा. उदाहरणार्थ, मृत्यू 14 मार्च 1858, वय 3 वर्षं 5 महिने 20 दिवस. 18580314 उणे 30520 म्हणजे 18549794, त्यातून 8870 गेले की 18540924, म्हणजे 24 सप्टेंबर 1854. महिने-दिवस वजा करताना हातचा घ्यावा लागत नसेल तर 8870 लागत नाही, महिने आणि दिवस दोन्हींना हातचा लागतो तेव्हाच ते चालतं. शंका आली तर दिनदर्शिका घेऊन हाताने मोजा. 1851 आणि 1857, तसंच 3, 5 आणि 8 हे झिजलेल्या संगमरवरात एकमेकांसारखे दिसतात, म्हणून वयाचा आणि जनगणनेचा मेळ घालूनच आकडा पक्का करा.

वाचण्यासाठी खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम यांतलं काहीही दगडाला लावू नका. शेव्हिंग क्रीममधलं आम्ल आणि तेलकटपणा संगमरवराच्या छिद्रांत राहतो. मोठा आरसा घ्या, एकाने बाजूला उभं राहून ऊन दगडाच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर फेकावं. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि कोरी वाटणारी पाटी वाचता येते. ढगाळ दिवशी संध्याकाळी कडेने धरलेली विजेरीही हेच काम करते.

कबरी किती, हे दगडांच्या संख्येवरून ठरवू नका. त्या बहुतेक पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला. जमिनीतले लांबट खोलगट भाग त्या दिशेने पाहा, हिवाळ्यात पातळ बर्फ पडल्यावर ते उठून दिसतात. छोटा, नुसती आद्याक्षरं असलेला दगड पायाकडचा असतो, मुलाचा नव्हे. व्हिंकाचा दाट गालिचा, युक्का, आयरिस, डे लिली, जुना सिडार ही लावलेली झाडं आहेत, त्यांच्याखाली कबर असण्याची शक्यता धरा. गाडलेली पाटी शोधायला बोथट टोकाची बारीक सळई हलक्या हाताने काही इंचच दाबतात, त्याहून खोल नाही, आणि तेही परवानगीनंतर. भूभेदी रडार हाडं दाखवत नाही, फक्त माती कुठे हलवलेली आहे ते दाखवतं, आणि चिकणमातीत तेही अंधुक. तारेच्या काड्या फिरवून कबर 'दाखवणारे' लोक भेटतील. चाचण्यांत ही पद्धत टिकलेली नाही, तिच्या आधारे नकाशावर एकही खूण करू नका.

खणायचं तर अजिबात नाही. आयोवात दीडशे वर्षांहून जुने मानवी अवशेष राज्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, आणि या कायद्यामागचा इतिहास तुमच्या मुलीच्या प्रकल्पात यायलाच हवा. 1971 मध्ये ग्लेनवुडजवळ रस्त्याच्या कामात वसाहतदारांची एक जुनी दफनभूमी लागली. 26 गोऱ्या माणसांचे अवशेष पुन्हा सन्मानाने पुरले गेले. तिथेच सापडलेल्या एका मूलनिवासी स्त्रीचे आणि तिच्या बाळाचे मात्र अभ्यासासाठी पाठवले गेले. यँक्टन सू समाजाच्या मारिया पिअर्सन यांनी ही गोष्ट थेट राज्यपालांपर्यंत नेली, आणि 1976 मध्ये आयोवाने मूलनिवासींच्या दफनांना संरक्षण देणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. वसाहतदारांनी दफनासाठी उंच, निचऱ्याची जागा निवडली. त्यांच्या आधीच्या लोकांनीही तशाच जागा निवडल्या होत्या, म्हणून आवारात मातीचा गोल उंचवटा दिसला तर त्याला हातही न लावता त्या कार्यालयाला कळवा.

जबाबदार कोण, हे आयोवाच्या कायद्यात ठरलेलं आहे. मागच्या 50 वर्षांत 12 किंवा त्याहून कमी दफनं झाली असतील तर ती 'पायोनियर सिमेट्री'. तिची देखभाल टाउनशिपच्या विश्वस्तांकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक कारभाऱ्यांकडे, असते, किंवा काउंटीने ती ठरावाने स्वतःकडे घेतलेली असते. लेखी परवानगी त्यांच्याकडून घ्या.

स्वच्छतेआधी नोंद. प्रत्येक दगडाला क्रमांक, टेपने मोजून काढलेला आराखडा, चारही बाजूंची छायाचित्रं, पडलेला आहे की उभा, कोणत्या दिशेला तोंड. दगड एकदा हलला की ही माहिती परत मिळत नाही. मग बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, पापुद्रे सुटत असले किंवा साखरेसारखे कण हाताला लागले, तर तो दगड सोडून द्या. बाकीच्यांसाठी स्वच्छ पाणी, मऊ नायलॉन किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश आणि लाकडी खरवडणी पुरते. मध्यम पाटीला 15-20 लिटर पाणी लागतं, ते बरोबर न्या. आधी दगड पूर्ण भिजवा, खालून वर घासत जा म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत, आणि सतत ओला ठेवा. दगडफूल निघत नसेल तर डी/2 नावाचं जैविक द्रावण फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग धुवा. उरलेलं काम ते पुढच्या काही आठवड्यांत पावसाबरोबर करतं. ब्लीच, व्हिनेगर, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर हे चारही कायमचे बाद. ब्लीचमधले क्षार दगडात राहतात आणि आतून पृष्ठभाग फोडतात. रात्री पाणी गोठणार असेल तर काम पुढे ढकला.

पडलेल्या पाट्या उभ्या करायचा मोह होईल. 4 फूट उंच, दीड फूट रुंद, 2 इंच जाड संगमरवर म्हणजे एक घनफूट, सुमारे 75 किलो. तो बोटं चिरडतो आणि स्वतःही मोडतो. प्रशिक्षित माणूस असला तरच हात घाला: तळाशी खडी, एक तृतीयांश लांबी जमिनीत, बाजूंना वाळू आणि बारीक खडी ठासून. सिमेंट नको. ते दगडापेक्षा कडक असतं, गोठण-वितळणीत दगडाला हलायला जागा राहत नाही आणि पाटी नेमकी जमिनीच्या पातळीवर तुटते. आयोवातल्या जुन्या दफनभूमींच्या जतनासाठी काम करणारी राज्यव्यापी संघटना आहे, ती कार्यशाळा घेते.

गवत कापण्याआधी एकदा मे-जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये वनस्पती ओळखणारा माणूस आत आणा. आयोवाचं उंच गवताचं मूळ माळरान एक टक्काही उरलेलं नाही, आणि जे उरलं त्यातलं काही नांगर न लागलेल्या अशा दफनभूमींतच आहे. सीडर काउंटीतली रोचेस्टर सिमेट्री आणि शेजारच्या इलिनॉयमधली पाच एकरांची वेस्टन सिमेट्री याचसाठी ओळखल्या जातात. बिग ब्लूस्टेम, कंपास प्लांट, शूटिंग स्टार अशा मूळ माळरानाच्या वनस्पती सापडल्या तर तणनाशक आणि सरसकट कापणी थांबवा आणि विश्वस्तांशी बोला. माळरान टिकवण्यासाठी माळ जाळायचा निर्णय झाला तर प्रत्येक दगडाभोवतीचं वाळलं गवत आधी हाताने काढावं लागतं, नाहीतर संगमरवर तापून तडकतो.

लिहिताना प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा ठेवा: खताचं पुस्तक आणि पान, जनगणनेचं वर्ष, दगडाचा क्रमांक. आराखडा आणि छायाचित्रांसह एक प्रत काउंटीच्या वाचनालयात, एक राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे, एक टाउनशिपच्या विश्वस्तांकडे, आणि एक त्या शेतकऱ्याला द्या, ॲबस्ट्रॅक्टच्या वहीत ठेवायला.